असमान पदरांचं कवच : जिवाणूचं बाह्यपटल प्रयोगशाळेत उभारताना

लघवीचा किंवा रक्ताचा कल्चर रिपोर्ट हातात आला की नजर आधी जिवाणूच्या नावावर जाते, मग औषधांच्या यादीवर. प्रत्येक औषधासमोर 'एस' किंवा 'आर' छापलेलं असतं. एस म्हणजे औषध लागू पडेल; आर म्हणजे जिवाणू त्याला दाद देणार नाही. नाव ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास किंवा ॲसिनेटोबॅक्टर असेल, तर आरची संख्या हल्ली घाबरवणारी असते. ही चारही नावं ग्रॅम-निगेटिव्ह गटातली आहेत. नवी प्रतिजैविकं कोणत्या जिवाणूंसाठी तातडीने हवीत, याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये काढली, तेव्हा सर्वांत गंभीर श्रेणीत घातलेले सगळे जिवाणू याच गटातले होते.

या जिवाणूंच्या रिपोर्टात व्हँकोमायसिनचं नाव सहसा नसतंच. एरवी हे औषध मोठं प्रभावी. जिवाणूच्या पेशीभित्तिकेच्या बांधणीत ते खोडा घालतं, आणि पेशीभित्तिका तर ई. कोलायलाही असते. तरी तिथे ते निरुपयोगी ठरतं, कारण भित्तिकेपर्यंत ते पोचतच नाही. तिच्या बाहेर आणखी एक आवरण आहे : जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचं बाह्यपटल.

हे पटल कसं अडवतं, कुणाला आत सोडतं आणि कशाने फुटतं, हे समजून घेण्यासाठी गेली पन्नास वर्षं शास्त्रज्ञ ते प्रयोगशाळेत स्वतः उभारून पाहत आहेत. या प्रयत्नांचा माग काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रत्येक प्रतिकृतीत सोयीसाठी काहीतरी गाळलेलं होतं, आणि गाळलेली नेमकी तीच गोष्ट पुढे कळीची ठरली.

जांभळा रंग आणि दुसरं पटल

ग्रॅम हे एका माणसाचं नाव. हान्स क्रिश्चियन ग्रॅम हा डॅनिश डॉक्टर १८८४ मध्ये बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्या हाताखाली काम करत होता. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांच्या कापांत जिवाणू स्पष्ट दिसावेत, एवढीच त्याची गरज होती. जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं, अशी पद्धत त्याने बसवली. काही जिवाणूंनी रंग धरून ठेवला, काहींचा धुऊन गेला. रंग सोडणारे ते ग्रॅम-निगेटिव्ह. आज कोणत्याही तालुक्याच्या गावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हीच पद्धत थोड्या फरकाने रोज वापरली जाते.

रंग का टिकतो किंवा का जातो, हे मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर उलगडू लागलं. रंग धरणाऱ्या जिवाणूंची पेशीभित्तिका जाड असते. रंग सोडणाऱ्यांची अगदी पातळ असते, आणि तिच्या बाहेर आणखी एक पटल असतं. म्हणजे या जिवाणूंना दोन पटलं : पेशीद्रव्याला वेढणारं आतलं आणि जगाला सामोरं जाणारं बाहेरचं. दोन्हींच्या मधल्या फटीत पातळ भित्तिका.

सजीवांची बहुतेक पटलं फॉस्फोलिपिडांच्या दोन पदरांची असतात. फॉस्फोलिपिडाच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून राहतं आणि दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. म्हणून असे रेणू पाण्यात शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून आपोआप दुपदरी रचना करतात. जिवाणूच्या बाह्यपटलाचा आतला पदर असाच आहे. बाहेरचा पदर मात्र वेगळ्याच द्रव्याचा, लिपोपॉलिसॅकराइडचा असतो. त्याला थोडक्यात एलपीएस म्हणतात.

ई. कोलायच्या एलपीएसच्या एका रेणूला दोनऐवजी सहा शेपट्या असतात, आणि त्या सरळसोट असल्याने एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. शेपट्यांच्या वर शर्करेचे दोन घटक आणि त्यांवर ऋणभाराचे फॉस्फेट. हा झाला लिपिड-ए. त्याच्यावर शर्करांचा एक गाभा, आणि कित्येक जिवाणूंत त्याहीवर शर्करांची लांब साखळी. ऋणभार असलेले असे रेणू शेजारीशेजारी बसले की ते एकमेकांना ढकलायला हवेत. पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे धनभारित आयन फॉस्फेटांच्या मध्ये बसून त्यांना बांधून ठेवतात. ई. कोलायच्या एका पेशीवर असे साधारण दहा लाख रेणू असतात.

या पदराची ताकद आतड्यात दिसते. पित्तातले क्षार साबणासारखे पटलं विरघळवतात, तरी ई. कोलाय तिथे सुखाने नांदतो. अल्फ्रेड मॅकाँकी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच गुण हेरून पित्तक्षार घातलेलं माध्यम तयार केलं. त्यावर आतड्यातले ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू वाढतात आणि बाकीचे बहुतेक मागे पडतात. ते माध्यम आजही लॅबमध्ये त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

जिवंत जिवाणू का पुरत नाही

पटलाचा अभ्यास करायचा तर थेट जिवाणूवरच का करू नये? अडचण अशी, की औषध हरलं तर ते नेमकं कुठे हरलं हे जिवंत पेशी सांगत नाही. ते आत शिरलंच नसेल. शिरलं असेल, पण पेशीच्या पंपांनी बाहेर फेकलं असेल. किंवा आतल्या एखाद्या विकराने त्याचे तुकडे केले असतील. तिन्ही शक्यतांचा निकाल रिपोर्टात एकाच अक्षरात उतरतो. पटलाचा वाटा वेगळा मोजायचा तर पटलच वेगळं काढावं लागतं.

त्याची पहिली पायरी १९७२ मध्ये अमेरिकेत मेरी जेन ऑस्बॉर्न यांनी घातली. साल्मोनेलाच्या पेशी फोडून त्यांनी आतलं आणि बाहेरचं पटल सुक्रोजच्या द्रावणात, घनतेतल्या फरकाच्या आधारे वेगळं केलं. बाह्यपटलाचं साहित्य हाती येऊ लागलं. शुद्ध एलपीएस काढण्याच्या रीती जर्मनीत आधीच बसल्या होत्या. ओटो वेस्टफाल आणि ओटो ल्युडेरित्स यांनी १९५२ मध्ये गरम फिनॉल आणि पाण्याची पद्धत दिली. १९६९ मध्ये क्रिस गालानोस यांच्याबरोबर त्यांनी आखूड शर्करासाखळीच्या एलपीएससाठी दुसरी पद्धत तयार केली.

मग बर्कलीत हिरोशी निकाइदो आणि ताइजी नाकाए यांनी बाह्यपटलाचे सुटे भाग पुन्हा जोडून पाहिले. एलपीएस आणि फॉस्फोलिपिडांचे सूक्ष्म फुगे त्यांनी बनवले आणि आत शर्करा भरली. फुगे ती धरून ठेवत. त्यात बाह्यपटलातलं एक विशिष्ट प्रथिन मिसळलं की लहान शर्करा गळून जात आणि मोठ्या आत राहत. १९७६ च्या या प्रयोगांतून कळलं की बाह्यपटलाला पाण्याने भरलेली अरुंद भोकं आहेत आणि ती प्रथिनांची बनलेली आहेत. त्या प्रथिनांना पोरिन हे नाव मिळालं. ई. कोलायच्या पोरिनमधून साधारण ६०० डाल्टन वजनापर्यंतचे रेणू जाऊ शकतात. व्हँकोमायसिनचं वजन १,४०० डाल्टनहून जास्त आहे. त्याची अडचण इथेच स्पष्ट होते.

पुढे निकाइदो यांनी फुग्यांचा फार साधा पण भेदक उपयोग केला. पोरिन बसवलेले फुगे एखाद्या रेणूच्या द्रावणात टाकायचे. रेणू आत शिरला की मागोमाग पाणी शिरतं, फुगे फुगतात आणि द्रावणाचा गढूळपणा कमी होतो. गढूळपणा किती वेगाने उतरतो ते मोजलं की रेणू किती वेगाने आत जातो ते कळतं. आकार थोडा वाढला तरी वेग झपाट्याने पडतो आणि ऋणभारही वाट अडवतो, हे अशा मोजमापांतून दिसलं. मूळ पेनिसिलिन ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंपुढे कमी पडतं, पण त्यालाच एक अमिनो गट जोडून झालेलं ॲम्पिसिलिन त्यांच्यात शिरतं. १९६१ मध्ये बाजारात आलेल्या त्या औषधाच्या यशामागचं एक मोठं कारण पोरिनच्या भोकातून जाण्याची ही सोय आहे.

या फुग्यांनी भोकांचा प्रश्न सोडवला, पण त्यात एक मोठी गोष्ट गाळलेली होती. एलपीएस आणि फॉस्फोलिपिड त्यांत दोन्ही पदरांत सरमिसळ झालेले होते. खऱ्या जिवाणूत ते तसे नसतात, हे निकाइदो यांनीच योशियुकी कामियो यांच्यासोबत १९७६ मध्ये दाखवलं होतं. फॉस्फोलिपिड तोडणारं विकर अख्ख्या पेशीच्या बाहेरून लावलं, तर त्याला तोडायला काही सापडत नव्हतं. सगळं फॉस्फोलिपिड आतल्या पदरात होतं.

दोन पदर, दोन बाजूंनी

पदर असमान ठेवायचे तर ते वेगवेगळे तयार करून मग जोडायला हवेत. अशी युक्ती १९७२ मध्ये मॉरिसिओ मोंताल आणि पॉल म्युलर यांनी दिली होती. टेफ्लॉनच्या अतिशय पातळ पडद्याला केसाच्या जाडीएवढं भोक पाडायचं. पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे दोन कप्पे. एका कप्प्यातल्या पाण्यावर एक लिपिड पसरायचं, दुसऱ्यातल्या पाण्यावर दुसरं. मग दोन्ही बाजूंची पाण्याची पातळी हळूहळू भोकाच्या वर चढवायची. दोन्हीकडचे एकेरी थर भोकावर येऊन एकमेकांना पाठीला पाठ लावून बसतात आणि दुपदरी पटल तयार होतं.

जर्मनीतल्या बोर्स्टेल संशोधन केंद्रात उल्रिख झाइडेल, क्लाउस ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने एका बाजूला एलपीएस आणि दुसऱ्या बाजूला फॉस्फोलिपिड असं पटल उभं केलं. दोन्ही कप्प्यांत विद्युताग्र ठेवून त्यांनी पटलातून जाणारा प्रवाह मोजला. अखंड पटलातून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही. मग एलपीएसच्या बाजूला पॉलिमिक्सिन बी हे प्रतिजैविक घातलं.

पॉलिमिक्सिन हे एक छोटं पेप्टाइड आहे. त्याच्या चक्राला एक तेलकट शेपटी आणि पाच धनभार असतात. ऋणभारित एलपीएसला चिकटण्यासाठीच बनल्यासारखी ही रचना आहे. १९४७ मध्ये सापडलेलं हे कुटुंब किडनीला अपाय करतं म्हणून मागे पडलं होतं, पण आता त्यातलं कोलिस्टिन अतिदक्षता विभागातलं शेवटचं शस्त्र झालं आहे. १९९२ मध्ये बोर्स्टेलच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, औषध घातल्यावर प्रवाह मधूनच उसळताना आणि लगेच खाली येताना दिसला. पटलाला क्षणभर टिकणाऱ्या फटी पडत होत्या. मग त्यांनी पॉलिमिक्सिनला न जुमानणाऱ्या प्रोटिअस जिवाणूचं एलपीएस त्याच जागी वापरलं. फटी पडल्या नाहीत. इतर काहीही न बदलता केवळ बाहेरच्या पदराचं रसायन बदललं आणि जिवाणूचा प्रतिरोध कृत्रिम पटलात उतरला.

अशा पटलाची मर्यादाही तितकीच खरी आहे. ते थोडा वेळ टिकतं, आणि विजेचा प्रवाह फट पडल्याचं सांगतो; औषध पटलात किती खोल गेलं, कोणता पदर कुठे सरकला, हे सांगत नाही.

पाण्यावरचा एक रेणू जाडीचा थर

रचना पाहायची तर पटल सपाट, मोठं आणि स्थिर हवं. त्यासाठी लागणारी कला शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे, आणि तिचा उगम एका घरगुती स्वयंपाकघरात आहे. जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहणाऱ्या आग्नेस पोकल्स यांना विद्यापीठात शिकायला मिळालं नाही. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की पृष्ठताण कसा बदलतो, हे त्यांनी स्वतः बनवलेल्या पत्र्याच्या उथळ भांड्यात, वर सरकती पट्टी बसवून मोजलं. त्यांचं पत्र लॉर्ड रेली यांनी १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आणलं. पुढे अर्विंग लँगम्युअर यांनी हे तंत्र परिपूर्ण केलं, आणि कॅथरिन ब्लॉजेट यांनी पाण्यावरचा एक रेणू जाडीचा थर घन पृष्ठभागावर उचलून घेण्याची रीत शोधली. अशा उथळ भांड्याला, म्हणजे तबकाला, आज नाव लँगम्युअरचं आहे. त्याचा पाया पोकल्स यांनी घातला.

ऑक्सफर्डशायरमधल्या आयसिस न्यूट्रॉन केंद्रातले ल्यूक क्लिफ्टन आणि न्यूकॅसल विद्यापीठातले जेरेमी लेकी यांच्या गटाने याच तबकात बाह्यपटलाची प्रतिकृती उभारली आणि २०१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिची कृती बारकाईने पाहण्यासारखी आहे.

टेफ्लॉनच्या उथळ तबकात कॅल्शियम घातलेलं थंड पाणी असतं. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं फॉस्फोलिपिड पाण्यावर थेंबाथेंबाने सोडतात. क्लोरोफॉर्म उडून जातं आणि रेणू शेपट्या हवेत करून पाण्यावर तरंगतात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या हळूहळू आत सरकवून त्यांना दाटीने उभं करतात. पाण्यात टांगलेल्या लहानशा फिल्टर पेपरच्या पट्टीवरून पृष्ठदाब कळत राहतो. दाब साधारण ३५ मिलिन्यूटन प्रतिमीटर झाला की पाण्यात आधीच बुडवून ठेवलेला, आरशासारखा घासलेला सिलिकॉनचा ठोकळा उभ्याने सावकाश वर काढतात. त्यावर फॉस्फोलिपिडाचा एक पदर चढतो, डोकी सिलिकॉनकडे आणि शेपट्या बाहेर.

आता तबक धुऊन पाण्यावर एलपीएसचा थर पसरतात. शर्करेची साखळी लांब असलेलं एलपीएस पाण्यावर नीट ठरत नाही, म्हणून ती साखळी नसलेल्या जिवाणूचं घेतात. पुन्हा दाब वाढवतात. या वेळी ठोकळा आडवा धरून, फॉस्फोलिपिडाची बाजू खाली ठेवून, तो थराला टेकवतात आणि तसाच पाण्यात दाबून नेतात. शेपट्यांना शेपट्या भिडतात आणि पटल पुरं होतं. इथून पुढे ठोकळ्याला हवा लागली तर ते उलटंपालटं होऊन विस्कटेल, म्हणून पाण्याखालीच तो प्रयोगाच्या बंद कोशात बसवतात. एवढं जमलं तर हाती येतो काही सेंटिमीटर लांबरुंद आणि जेमतेम दोन रेणू जाडीचा पडदा, ज्याच्या एका अंगाला फॉस्फोलिपिड आणि दुसऱ्या अंगाला एलपीएस आहे.

न्यूट्रॉनने बघणं

हा पडदा कोणत्याही भिंगातून दिसत नाही. त्यावर अगदी तिरक्या कोनात न्यूट्रॉनचा झोत सोडतात आणि किती परतला ते मोजतात. थराथरांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. कोनागणिक त्यांची तीव्रता कशी बदलते यावरून प्रत्येक थराची जाडी आणि घडण काढता येते.

क्ष-किरणांऐवजी न्यूट्रॉन वापरण्यामागे एक खास कारण आहे. साधा हायड्रोजन आणि जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, रासायनिकदृष्ट्या जवळजवळ सारखे. न्यूट्रॉनला मात्र ते अगदी वेगळे दिसतात. काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली की दिसेनाशी होते, कारण दोन्हींत प्रकाश सारखाच वळतो. तसंच साधं आणि जड पाणी ठरावीक प्रमाणात मिसळून सिलिकॉनला न्यूट्रॉनपुढे अदृश्य करता येतं. प्रमाण बदललं की पडद्याचा वेगळा भाग उठून दिसतो. फॉस्फोलिपिडाच्या शेपट्यांत ड्युटेरियम घालून ठेवलं की तो पदर एलपीएसपासून स्वच्छ वेगळा ओळखता येतो. एकच पटल तीन-चार प्रकारच्या पाण्यात तपासून त्याचं चित्र पुरं करतात. २०१३ च्या मोजमापांत एलपीएस बाहेर आणि फॉस्फोलिपिड आत, असं असमान पटल खरोखर तयार झाल्याचं दिसलं.

कॅल्शियम आणि ताप

यानंतर पटलाला प्रश्न विचारता आले. पहिला प्रश्न जुना होता. १९६५ मध्ये लोरेटा लीव्ह यांनी दाखवलं होतं की ईडीटीए हे आयन पकडून ठेवणारं रसायन ई. कोलायवर टाकलं की पेशी एरवी न शिरणाऱ्या द्रव्यांनाही आत येऊ देते, आणि बरंच एलपीएस सुटून जातं. पटलात त्या वेळी काय घडतं, हे मात्र दिसलं नव्हतं. क्लिफ्टन यांच्या गटाने २०१५ मध्ये आपल्या पटलावर तोच प्रयोग केला. कॅल्शियम काढून घेताच पदरांची शिस्त मोडली. एलपीएस आतल्या पदरात आणि फॉस्फोलिपिड बाहेरच्या पदरात मिसळू लागलं. असमानता टिकवून धरणारी गाठ त्या आयनांत आहे, हे थेट दिसलं.

जिवाणूही ही असमानता सांभाळण्यासाठी झटतो. प्रिन्स्टनमधल्या थॉमस सिल्हावी यांच्या गटाने २००९ मध्ये ई. कोलायमधली एक प्रथिनयंत्रणा उघड केली, जी चुकून बाहेरच्या पदरात गेलेलं फॉस्फोलिपिड उचलून परत आत नेते. कृत्रिम पटलात जी गोष्ट निर्णायक ठरली, तिच्यासाठी जिवंत पेशी सतत ऊर्जा खर्च करते.

दुसरा प्रश्न पॉलिमिक्सिनचा. निकोलो पाराचिनी, क्लिफ्टन, लेकी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे औषध कृत्रिम बाह्यपटलावर वेगवेगळ्या तापमानांना सोडलं. खोलीच्या तापमानाला पॉलिमिक्सिन एलपीएसच्या पृष्ठभागाला चिकटलं, पण पटलात घुसलं नाही. शरीराच्या तापमानाला मात्र ते आत शिरलं. कारण एलपीएसच्या शेपट्या थंडीत घट्ट, जवळजवळ गोठलेल्या असतात आणि शरीराच्या तापमानाच्या आसपास सैल होतात. नुसतं चिकटणं पुरत नाही; पदर प्रवाही हवा.

खोलीच्या तापमानाला प्रयोग करणं सोपं, म्हणून कित्येक प्रतिकृतींवरची कामं त्याच तापमानाला झाली होती. तापमान ही कुणी मुद्दाम गाळलेली गोष्ट नव्हती. तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. औषध रुग्णाच्या शरीरात काम करतं आणि शरीर ३७ अंश सेल्सियसला असतं, हे पटल उभारणाऱ्याने पाळायलाच हवं, हा धडा त्या कामाने दिला.

अजून काय गाळलेलं आहे

सिलिकॉनवर टेकलेल्या पटलात आणखी एक खोट आहे. खालच्या पदराला घन पृष्ठभाग चिकटतो, त्यामुळे मोठी प्रथिनं बसवायला जागा राहत नाही. म्हणून क्लिफ्टन आणि लेकी यांनी २०१५ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणूंचा एक थर बसवला आणि त्याच्यावर, मध्ये पाण्याचा पातळ थर ठेवून, बाह्यपटल तरंगतं केलं.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात सुझन डॅनियल यांच्या गटाने वेगळी वाट धरली. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू आपल्या बाह्यपटलाचे सूक्ष्म फुगे आपणहून बाहेर सोडत असतात. त्या फुग्यांत एलपीएस, फॉस्फोलिपिड आणि प्रथिनं मूळच्याच प्रमाणात असतात. ते काचेवर पसरवून सपाट पटल मिळवता येतं, हे त्यांनी २०१६ मध्ये दाखवलं. शुद्ध घटकांनी केलेल्या पटलात आत काय आहे ते नेमकं ठाऊक असतं, पण जिवाणूच्या पटलातलं बरंच काही नसतं. फुग्यांपासून केलेल्या पटलात सगळं असतं, पण त्याचा हिशोब सांगता येत नाही. दोन्हींची गरज आहे, कारण एकाने सुचवलेलं उत्तर दुसऱ्यावर तपासता येतं.

प्रथिनांचं महत्त्व तर अलीकडेच नव्याने कळलं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या बार्ट होगेनबूम यांच्या गटाने २०२१ मध्ये जिवंत ई. कोलायचा पृष्ठभाग अतिसूक्ष्म सुईने चाचपडून पाहिला. जवळजवळ सगळा पृष्ठभाग पोरिनसारख्या प्रथिनांच्या दाट जाळ्याने व्यापलेला दिसला, आणि मधूनमधून नुसत्या एलपीएसचे लहान ठिपके. एलपीएसचा सलग गुळगुळीत पदर हे प्रतिकृतींतलं चित्र त्यामुळे अपुरं ठरलं. औषध आधी कुठे शिरतं, जाळ्यात की ठिपक्यांत, हा प्रश्न पुढच्या प्रतिकृतींना घ्यावा लागेल.

संगणकावरही हे पटल उभं राहत आहे. रोबेर्तो लिन्स आणि त्यॅर्क स्ट्राट्स्मा यांनी २००१ मध्ये स्यूडोमोनासच्या एलपीएस पटलाची अणूअणूची प्रतिकृती चालवून पाहिली होती. तेव्हापासून अशा आकडेमोडींनी, एखादा आयन कुठे अडकतो किंवा साखळ्या कशा डोलतात, हे प्रयोगाला न दिसणारे तपशील पुरवले आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही जिवाणूच्या आवरणाच्या अशा प्रतिकृतींवर काम चालतं.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे ही पटलं स्थिर असतात. जिवंत पेशीत नवं एलपीएस आत तयार होऊन सतत बाहेर पोचवलं जातं. हार्वर्डमध्ये डॅनियल काह्न यांच्या गटाने ही वाहतूकही २०१८ मध्ये परीक्षानळीत घडवून आणली. एका जातीचे फुगे आतल्या पटलासारखे, दुसरे बाहेरच्यासारखे. दोघांना जोडणारा प्रथिनांचा पूल, आणि त्या पुलावरून एका फुग्यातून दुसऱ्यात जाणारं एलपीएस. याच पुलाची वाट अडवणाऱ्या झोसुराबालपिन या औषधाची माहिती २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरवर ते चालतं, आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. पटलात घुसायचं कसं, हाच विचार आजवर प्रामुख्याने होत आला. पटल बांधूच न देणं हाही मार्ग आहे, हे त्यातून दिसलं.

भारताला हे सगळं जवळचं आहे. कोलिस्टिनला चकवणारं एमसीआर-१ हे जनुक चीनमधल्या जनावरांत आणि रुग्णांत सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. ते जनुक लिपिड-एच्या फॉस्फेटवर एक रासायनिक गट चढवतं, ऋणभार कमी होतो आणि औषधाची पकड सुटते. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे ते सहज जातं. कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन देण्याची प्रथा आपल्याकडेही होती. केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. बंदीमुळे प्रसार मंदावेल, पण बदललेलं एलपीएस असलेल्या जिवाणूने आजारी पडलेल्या रुग्णाला औषध हवंच आहे.

ते शोधण्यासाठी बदललेलं एलपीएस पटलात बसवून, ३७ अंशांना, योग्य आयन आणि प्रथिनांसह तपासावं लागेल. सुटं एलपीएस, सरमिसळ झालेले फुगे किंवा थंड पडदा यांवर जमलेलं औषध रुग्णापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. म्हणून पटलाच्या प्रतिकृतीकडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की हिच्यात काय गाळलं आहे आणि का. पन्नास वर्षांच्या कामाने पदरांची असमानता, कॅल्शियम, तापमान आणि प्रथिनं या चार गोष्टी गाळलेल्यांच्या यादीतून काढून प्रतिकृतीत आणल्या, आणि दर वेळी औषधाचं वागणं अधिक स्पष्ट दिसलं. हे काम मूलभूत विज्ञान म्हणून बाजूला ठेवण्याजोगं नाही. पुढचं औषध यशस्वी होईल की आरच्या रांगेत जाईल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरणार आहे.